शेवट लिहिलास का?

सालवडच्या त्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला. खाली जाऊन घरमालकांना सांगितलं, "काका, वरचा नळ गळतोय हो." काका ओट्यावर बसून चिकू खात होते. त्यांनी चिकूची बी तळहातावर घेऊन निरखून बघितली आणि म्हणाले, "फोरमवर टाक."

"कुठे टाकू?"

"फोरमवर. नळ कुठला, कुठून गळतो, बंद केल्यावर गळतो का चालू असताना, सगळं नीट लिव. मी उत्तर देतो."

"अहो काका, तुम्ही माझ्या समोर बसलाय!"

"मी हाय समोर. पण उद्या दुसऱ्या कोणाचा असाच नळ गळला, तर तो काय सालवडला येणार माझ्या ओट्यावर?"

बोईसरच्या कारखान्यात मला नुकतीच नोकरी लागली होती, लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायची. त्यात मी घाटावरची, येवल्याची. इकडचं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, इकडे घरमालकांकडे तक्रार करायची हीच रीत असेल. मुकाट्याने वर गेले, त्यांनी सांगितलेला पत्ता कॉम्प्युटरवर उघडला, नाव नोंदवलं आणि लिहिलं, नळ गळतोय. दहा मिनिटांत उत्तर आलं, वायसर झिजला असेल. त्यानंतर काका स्वतः पाना आणि वायसर घेऊन जिना चढून आले. नळ उघडला, वायसर बदलला, पंच्याने हात पुसले आणि दारातून निघताना मागे वळून म्हणाले, "आता शेवट लिव."

"कसला शेवट?"

"गळायचा थांबला का नाय, तो. प्रश्न विचारून पळून जाणारी माणसं मला आवडत नाय."

हे आमचे काका. फोरमवरची मंडळी त्यांना 'शेवटकाका' म्हणायची, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

दिसायला काटकुळे. दोन चष्मे, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर, आणि कपाळावरचा ते घरभर शोधायचे. आयुष्यभर एका कारखान्याच्या बॉयलर-हाऊसमध्ये नोकरी केली, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण कारखान्याचे सेफ्टी शूज काही पायातून सुटले नाहीत. लग्नाला जाताना सोनेरी काठाचं धोतर आणि खाली पुढे लोखंड असलेले काळे बूट! काकू कपाळाला हात लावायच्या. "ह्यांच्या पायावर हत्ती पडला तरी काय होणार नाय," असं म्हणत त्या चार पावलं मागून चालायच्या, म्हणजे आपण ह्यांच्याबरोबर नाही असं लोकांना वाटावं.

मूळ गाव एडवण. समुद्राकाठची वाडी, भावाभावांत वाटलेली. नारळ, केळी, थोडी पानवेल, आणि वाडीच्या मधोमध सामाईक विहीर. पूर्वी त्या वाडीच्या कोपऱ्यात बावखल होतं. बावखल म्हणजे छोटं तळं, आजूबाजूच्या चारसहा वाड्यांचं मिळून. बायका तिथे धुणं धुवायच्या, पोरं डुंबायची, म्हातारे काठावर बसून एकमेकांना फुकटचे सल्ले द्यायचे. पुढे जमिनीला भाव आला, बावखल बुजवलं आणि ज्याने त्याने आपापली बोअर मारली. काकांनी निवृत्तीनंतर कॉम्प्युटर घेतला, शिकले, आणि फोरम काढला तेव्हा त्याला नाव दिलं 'बावखल'. विहिरी, पंप, मोटारी, वेली, झाडं. ज्याला अडेल त्याने विचारावं, ज्याला कळेल त्याने सांगावं. प्रत्येक धाग्याच्या, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखाली आलेली उत्तरं ह्यांच्या, कपाळी एक शिक्का असायचा, 'चालू' नाहीतर 'संपलं'. विचारणाऱ्याने येऊन शेवट लिहिल्याशिवाय 'संपलं' हा शिक्का मिळायचा नाही.

भाडेकरूंना तर त्यांनी नाकी नऊ आणले होते. माझ्या शेजारच्या खोलीत एक गोरखपूरचा ऑपरेटर राहायचा, तीन पाळ्यांत काम करून पार पिचलेला. तो खाली ओरडायचा, "अंकल, पानी नहीं आ रहा, मोटर चालू कर दो!" खालून उत्तर यायचं, "फोरम पे लिखो!" बिचाऱ्याने शेवटी हिंदीतून धागा काढला, 'मोटर चालू करने का अनुरोध'. तो धागा अजून आहे. खाली काकांचं उत्तर आहे, 'चालू केली', आणि त्याच्या खाली त्या पोराचा शेवट, 'पानी आ गया, धन्यवाद, नहा लिया'. शिक्का, 'संपलं'.

मी पाणी तपासते म्हटल्यावर त्यांनी मला लगेच मॉडरेटर करून टाकलं. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. "घाटावरचे, तुला मिठाचं कळतं ना? मग ये." खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. रात्रीचं जेवण झालं की मी फोरम उघडून बसायची. सातपाटीचा एक बोटवाला इंजिनाच्या पंपाबद्दल विचारायचा, डहाणूच्या एक बाई चिकूच्या किडीबद्दल. आणि लोक उत्तरं देताना भांडायचेसुद्धा व्यवस्थित, मुद्दा धरून. मला इकडची भाषा, झाडं, माती, सगळं त्या फोरमवर कळलं.

फोरमवरचा सगळ्यात पहिला धागा काकांचाच होता. 'आमच्या एडवणच्या विहिरीचं पाणी गोडं कसं राखावं?' समुद्र इतका जवळ, आजूबाजूच्या विहिरी एकेक करून मचूळ होत चाललेल्या. दरवर्षी वैशाखात, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा, काका एडवणला जायचे. पुढे मलाही पाण्यातला खार मोजायचं मीटर घेऊन यायला लावायचे. पालघरवरून माहीम, केळवे करत आमची स्कूटर निघायची. विहिरीवर पोचलं की ते स्वतः बादली सोडायचे, ओंजळीत पाणी घ्यायचे, तोंडात धरून डोळे मिटायचे आणि मग गिळायचे. मग मी मीटर बुडवायची. त्यांची जीभ आणि माझं मीटर, दोघांचं नेहमी एकमत असायचं. संध्याकाळी घरी येऊन ते त्या धाग्यावर एकच शब्द लिहायचे, 'गोडं.' असे वर्षावर्षाचे 'गोडं' एकाखाली एक साठलेले. शिक्का मात्र 'चालू'च.

"तुमचा स्वतःचा धागा कधी संपणार काका?" मी चिडवायची.

"तो संपू नये म्हणून तर काढलाय," ते म्हणायचे.

आणि दुसऱ्याचा शेवट मिळाला नाही की ह्या माणसाला चैन पडायचं नाही. केळव्याचा एक पानवेलवाला होता. त्याने फोरमवर विचारलं होतं, बोअरचं पाणी कमी पडतंय, आणखी खोल नेऊ का? लोकांनी परोपरीने सांगितलं, नको, काठाची जमीन आहे, गोडं पाणी वर तरंगतं आणि खाली खारं असतं. तो म्हणाला, बघतो. आणि गायब. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. काका दर आठवड्याला त्या धाग्यावर लिहायचे, 'शेवट लिहिलास का?' उत्तर नाही. शेवटी एका रविवारी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट केळवे. "काका, हे जरा जास्तच होतंय," मी म्हटलं. ऐकतात कुठे!

वाडीच्या फाटकातच तो माणूस बसलेला. मागे नुसते मांडव उभे होते, वेली वाळून काळ्या पडलेल्या. आम्हाला बघून तो उठला आणि परत खाली बसला.

"काय लिहू काका? खोल गेलो. पहिल्या साली पाणी भरपूर. मग उन्हाळ्यात मचूळ लागलं. वेली गेल्या. माझी गेली ती गेली, शेजाऱ्याची विहीर पण गेली. तो माझ्याशी बोलत नाय आता. हे लिहू? लोक हसतील."

"हसू दे," काका म्हणाले. "पण वाचतील."

तासभर ते त्या माणसाजवळ बसले. चहा झाला. मग तो बोलला तसं काकांनी माझ्याकडून फोनमध्ये उतरवून घेतलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. रात्री तो शेवट त्याच्या नावाने फोरमवर चढला, 'संपलं' असा शिक्का बसला, आणि दुसऱ्या दिवशी मला काका पहिल्यांदाच दमलेले दिसले. काकूंनी त्यांना बळेच दुपारी झोपवलं.

हे सगळं चांगलं चाललं होतं म्हणेपर्यंत फोनवरचा ग्रुप आला. काकांच्याच पुतण्याने काढला, एडवणला वाडी बघणाऱ्याने. पोरगा चांगला, कामसू, काकांना मान देणारा. त्याने आधी फोरमवर रीतसर धागाच काढला होता, 'आपण ग्रुपवर जाऊया का?' आणि त्याचे मुद्दे काही वावगे नव्हते. फोटो पटकन जातो. वाडीत उभ्याउभ्या विचारता येतं. टाइप करायला नको, बोललं तरी चालतं. घरातल्या बायकांना फोरमवर लिहिता येत नाही, त्या बोलतील तरी. महिनाभरात सगळे तिकडे. काकांनासुद्धा घेतलं.

मग जो तमाशा झाला तो काय सांगू! सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं, तर काकांचं उत्तर, 'हा प्रश्न आहे का? विषय काय?' कुणाच्या नातवाचा वाढदिवस, काकांचं उत्तर, 'अभिनंदन. विषयांतर टाळावे.' कुणीतरी केळीच्या पानाचा फोटो टाकून विचारलं, काय झालंय? पाच जणांनी पाच औषधं सांगितली. काकांनी तीन दिवस थांबून लिहिलं, 'कुठलं मारलं? गुण आला का? शेवट लिहा.' तोवर त्या ग्रुपवर दोन सत्यनारायण आणि एक निवडणूक होऊन गेली होती. कोण शेवट लिहितोय! काकांनी तोच प्रश्न रोज टाकायला सुरुवात केली. लोक वैतागले. पुतण्याने फोन करून समजावलं, "काका, जरा सैल घ्या." काकांनी सैल घेतलं नाही. मग एके दिवशी पुतण्याने त्यांना ग्रुपमधून काढलं. 'थोड्या दिवसांसाठी' असं म्हणाला तो, आणि मला वाटतं, खरंच थोड्या दिवसांसाठीच काढलं असावं. पण काका परत जाणाऱ्यांतले नव्हते.

"ह्या घरात त्या ग्रुपचं नाव काढायचं नाय," त्यांनी जाहीर केलं. पुतण्याशी बोलणं बंद.

घरात नाव काढायचं नाही, पण काकू ग्रुपवर होत्या! त्यांचा फोन तांदळाच्या डब्याच्या मागे असायचा. काका अंघोळीला गेले की काकू बारीक आवाजात बोलून मेसेज पाठवायच्या. केळफुलाचा चीक हाताला लागू नये म्हणून काय करायचं, सुरणाची खाज कशी मारायची. जन्मभर ज्या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं, तिला आता रोज दहा जणी विचारत होत्या. "अगं, मनोरच्या बाईने माझ्या सांगण्यावरून भाजी केली," हे सांगताना त्यांचा चेहरा काय फुलायचा! फोरमवर काकूंनी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, वाचलंही नव्हतं. त्यांना ती पुरुषांची जागा वाटायची. म्हणून ग्रुप वाईट असं माझ्या तोंडून कधी निघालं नाही. दोघांच्या मध्ये बसून मी चहा प्यायची आणि दोघांची गुपितं सांभाळायची.

एकदा मी काकांना म्हटलं, "दोन्ही राहू दे की. गप्पा तिकडे, प्रश्न इकडे."

"मग गेल्या पावसाळ्यातलं काढून दाखव तिकडचं. मिरवेलीच्या मरीवर काय औषध सांगितलेलं?"

मी माझा फोन काढला. वर सरकवत गेले, सरकवत गेले. फुलं, आरत्या, अपघाताचे फोटो, लग्नपत्रिका. उत्तर दिलं गेलं होतं हे मला पक्कं आठवत होतं, पण ते काही सापडेना. काकांनी कॉम्प्युटरवर दोन अक्षरं मारली आणि जुना धागा पुढ्यात ठेवला, शेवटासकट. ह्या माणसाचं बरोबर असलं की माझा फार संताप व्हायचा.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "पण काका, माणसं तिकडे आहेत."

काका कपाळावरचा चष्मा शोधत राहिले.

फोरम हळूहळू ओस पडला. काका मात्र रोज सकाळी देवपूजा करावी तसे उघडून बसायचे. नवीन नोंदणी दिसली की हरखून जायचे. ती बहुतेक यंत्रांनी केलेली असायची, कुठल्यातरी परदेशी भाषेत बुटांच्या आणि औषधांच्या जाहिराती चिकटवणारी. मी पुसून टाकायची. एका सकाळी बघितलं तर अशाच एका जाहिरातीखाली काकांनी लिहिलं होतं, 'नमस्कार. आपला पंप कुठला? सविस्तर लिहावे.' मला आधी हसू फुटलं, आणि मग इतकं वाईट वाटलं की ती जाहिरात पुसायला हात होईना. दोन दिवस तशीच ठेवली.

एव्हाना माझं लग्न होऊन नवराही वरच्या मजल्यावर राहायला आला होता. त्या सुमारास मी बाळंतपणाला येवल्याला गेले, आणि लांबत लांबत बराच काळ माहेरीच राहिले. परत आले ती वैशाखाच्या तोंडाशी. काका म्हणाले, मीटर आणलंस का? ह्या वेळी काकूही येते म्हणाल्या. बाळाला माझ्यासोबत आलेल्या आईजवळ ठेवून आम्ही तिघं शटलने सफाळ्याला उतरलो आणि तिथून सहा आसनी रिक्षाने एडवणला.

वाडीत शिरल्याबरोबर काका थबकले. कुंपणाच्या कडेला, पुतण्याच्या हिश्शात, नवी बोअर दिसत होती. निळा पाइप, नवी मोटर. विहिरीपासून फार लांब नव्हती. काका तडक विहिरीवर गेले, बादली सोडली, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं, डोळे मिटले.

आणि थुंकून टाकलं.

इतक्या वर्षांत त्यांनी त्या विहिरीचं पाणी थुंकलेलं मी बघितलं नव्हतं. मी मीटर पिशवीतून काढलंच नाही.

पुतण्या धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. काकांशी बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदाच समोर येत होता. "काका, पाणी कमी पडत होतं. गेल्या साली मारली. पहिल्यांदा काय पाणी लागलं होतं! पण ह्या होळीपासून... माझी पण मचूळ झाली काका. केळी जळायला लागल्यात."

"खोल गेलास?"

"ग्रुपवर विचारलं मी. किती खोल नेऊ म्हणून. सगळे म्हणाले, ने खोल, पाणी लागेल. एकाने पण नको म्हणून सांगितलं नाय." मी तेव्हा येवल्याला होते, बाळाच्या गडबडीत ग्रुप कित्येक दिवस उघडलाच नव्हता.

"फोरमवर होतं," काका म्हणाले. आवाज अगदी साधा. "केळव्याच्या माणसाने लिवलंय. शेजाऱ्याची विहीर जाते, हे पण लिवलंय."

"कोण बघतो काका आता फोरम?" तो रडवेला झाला होता. उर्मटपणे म्हणाला नाही तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तेव्हा काकू बोलल्या. पदराशी चाळा करत, खाली बघत.

"मी ऐकला होता ह्याचा मेसेज."

काकांनी वळून बघितलं.

"ग्रुपवर. बोअर खोल नेऊ का म्हणून विचारत होता. मी ऐकला. तुमी शेजारच्या खोलीत होता, कॉम्प्युटरवर. मला काय ठाऊक, उत्तर तुमच्याकडे हाय? आणि सांगितलं असतं, तर तुमी म्हणाला असता, तू त्या ग्रुपवर हायस?" त्यांनी मान वर केली. "घरात नाव काढू देत नव्हता तुमी."

एका घरात दोन खोल्या. एकीत प्रश्न येऊन पडला होता, दुसरीत उत्तर कधीपासून तयार होतं, आणि मध्ये नुसता एक पडदा.  काकांनी बादलीचा दोर नीट गुंडाळला, खांबाला लावला, आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोटर बंद ठेव आता," एवढंच म्हणाले. काकूंना त्यांनी एका शब्दानेही दुखवलं नाही. रिक्षात बसताना त्यांची पिशवी स्वतः घेतली.

त्या संध्याकाळी मी फोरम उघडून बसले. काकांच्या धाग्यावर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. ज्या माणसाने केळव्यापर्यंत स्कूटर हाणून दुसऱ्याकडून शेवट वदवून घेतला, त्याला स्वतःचा लिहवेना. पुढच्या वैशाखात ते एडवणला गेलेच नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, शेवट लिहिलात का?"

"बघू," म्हणाले. ते कधी कुणाला 'बघू' म्हणू देत नसत.

त्या पावसाळ्यानंतर काका गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. सेफ्टी शूज दाराशी तसेच. ग्रुपवर पुतण्याने बातमी टाकली आणि मग हात जोडलेली चित्रं, फुलं, श्रद्धांजली, नुसता पूर. ज्या ग्रुपने त्यांना काढलं त्याच ग्रुपने! मला आधी चीड आली. पण त्यात बोललेले मेसेजही होते. 'काकांनी माझी मोटर वाचवली', 'काका आमच्या घरी आले होते'. काकू ते आवाज मोठा करून परत परत ऐकत होत्या आणि रडत होत्या. त्यांना त्याने खरंच आधार वाटला, हे मला दिसत होतं. फोरमवर मात्र एक अक्षर पडलं नाही. मी लिहायला बसले आणि विषय काय लिहावा तेच सुचेना.

फोरम मी चालू ठेवला. का, ते मला विचारू नका. नवरा म्हणतो, कोण येतं तिथे? कोणी येत नाही. जाहिराती पुसायच्या, एवढंच काम.

पण परवा, चैत्र संपताना, एक खरी नोंदणी झाली. वैतरणेच्या पलीकडचा, अर्नाळ्याकडचा कुणी मुलगा. त्याने काकांच्या पहिल्या धाग्याखाली लिहिलं होतं, 'नमस्कार. आमच्या वाडीतही बोअर खोल न्यायचं चाललं आहे. शोधताना इथे आलो. केळव्याच्या भाऊंचा अनुभव वाचून घरी सांगितलं, पण वडील म्हणतात, एकाचं झालं म्हणजे सगळ्यांचं होतं का? तुमच्या धाग्यावर दरवर्षी गोडं, गोडं, आणि मग एकदम काहीच नाही. पुढे काय झालं? इथला नियम आहे ना, शेवट लिहायचा?'

मी ते काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "उद्या एडवणला जाऊ."

पुतण्याने विहिरीवर बादली भरून ठेवली होती. त्याची मोटर तेव्हापासून बंद आहे. केळी काढून टाकली, नारळ तेवढे तग धरून आहेत. काकूंनी ओंजळीत पाणी घेतलं, काका घ्यायचे तसंच. तोंडात धरलं, डोळे मिटले. आणि गिळलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"खारं हाय."

मी मीटर बुडवलं. खारंच होतं. मी फोन काढला, धागा उघडला. "काय लिहू काकू? पाणी मचूळ झालं, एवढंच लिहिते."

"सगळं लिव. बोअर खोल मारली ते लिव. ह्याने ग्रुपवर विचारलं ते लिव. मी ऐकलं आणि घरात सांगितलं नाय, ते पण लिव."

"काकू, ते कशाला? तुमची काय चूक त्यात?"

"चूक म्हणून नाय गं." त्यांनी पदराने हात पुसले. "उद्या दुसऱ्या कोणाच्या घरात असंच असलं तर? तो काय सालवडला येणार मला विचारायला?"

माझ्या डोळ्यांसमोर तो ओटा आला, चिकूची बी आली. मला टाइप करता येईना. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. "ह्याच्यावर बोललं तर उमटतं ना?" मी माइकचं चिन्ह दाबून दिलं. ग्रुपवर बोलायच्या तशाच, फोन तोंडाजवळ धरून, त्या बोलायला लागल्या. विहिरीच्या काठावर उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि एकेक शब्द फोरमवर उमटत गेला. हाय, नाय सगळं तसंच. मी काही दुरुस्त केलं नाही. पुतण्या मान खाली घालून ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर त्या थांबल्या आणि शेवटी म्हणाल्या, "पोरा, तुझ्या बापाला हे वाचून दाखव. आणि मग काय केलंत ते इथं येऊन लिव."

मी मजकूर पाठवला. काकूंच्या नावाने फोरमवर गेलेलं ते पहिलं लिखाण. मग वरचा शिक्का बदलायला बोट नेलं आणि त्यांना विचारलं, "आता 'संपलं' करू ना?"

काकूंनी बादलीतलं उरलेलं पाणी नारळाच्या आळ्यात ओतलं.

"नको," त्या म्हणाल्या. "चालूच ठेव. पुढल्या वैशाखात परत चाखायला यायचंय."